हात उठला की उचलला?

वाचकाचं पत्र (नाव न छापण्याची विनंती आहे, थोडं संक्षिप्त केलं आहे):

"ताई, मी 39 वर्षांचा आहे. लहानपणी बाबांनी मला खूप मारलं. कारण काहीही पुरायचं. कमी गुण, सांडलेलं पाणी, हाकेला उशिरा दिलेली ओ. आतल्या खोलीत खुंटीवर त्यांचा पट्टा असायचा. तो आणायला ते जायचे तेवढा वेळ मी भिंतीला पाठ लावून उभा राहायचो. घरात पाहुणे असले तर मात्र वाचायचो. आता ते 74 वर्षांचे आहेत, थकलेत. गेल्या वर्षी मी धीर करून विषय काढला. ते म्हणाले, 'हात उठायचा रे माझा. माझ्या हातात नव्हतं ते. माझ्या बापानं मला याहून जास्त मारलंय.' मी गप्प बसलो. नंतर मी इच्छास्वातंत्र्यावर बरंच वाचलं, व्याख्यानं ऐकली. मेंदू आधीच ठरवतो आणि आपल्याला मागाहून कळतं, असे प्रयोग झालेत म्हणे. मग कोणालाच दोष देण्यात अर्थ नाही. हे मला पटलं, पण राग गेला नाही. आता राग आला की वाटतं, रागवायचा हक्कसुद्धा उरला नाही. तीन आठवड्यांपूर्वी अभ्यासावरून मी माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या थोबाडीत मारली. पहिल्यांदाच. रात्री बायकोला सांगताना तोंडून निघालं, 'हात उठला गं.' मुलगी जागी होती. सकाळी तिनं विचारलं, 'बाबा, तुझा हात आपोआप उठतो का?' मला काही बोलता आलं नाही. दोष नेमका कोणाचा? बाबांचा, आजोबांचा, माझा, की कोणाचाच नाही?"

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुमच्या मुलीच्या प्रश्नापाशी अडले. सात वर्षांच्या पोरीनं तुमच्या वाक्यातलं क्रियापद पकडलंय. मराठीत अशा जोड्या पावलोपावली आहेत. पेला फुटला, पेला फोडला. दोरी तुटली, दोरी तोडली. मूल पडलं, मुलाला पाडलं. पहिल्या रूपात गोष्ट घडून जाते आणि माणूस वाक्यात कुठे दिसतच नाही. दुसऱ्या रूपात त्याला यावंच लागतं. 'हात उठला' म्हटलं की हातच कर्ता होतो, आणि हाताला जाब कोण विचारणार? लुडविग विट्गेन्स्टाइन या तत्त्वज्ञानं जवळपास हाच प्रश्न मांडला होता: 'मी हात वर करतो' यातून 'हात वर जातो' एवढं वजा केलं, तर शिल्लक काय राहतं? तुमच्या घरापुरतं उत्तर मला दिसतं. तुम्ही शिल्लक राहता.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नावरचं माझं मत आधीच सांगून टाकते. पट्टा तुमच्या बाबांनी उचलला. थोबाडीत तुम्ही मारली. दोन्हींच्या मागे आजोबा आहेत हे खरं आहे, पण त्यामुळे ही दोन वाक्यं पुसली जात नाहीत. आणि तुम्हाला रागवायचा हक्क आहे.

आता त्या प्रयोगांकडे येऊ, कारण खरी कोंडी त्यांनी केली आहे. तुम्ही ऐकलेला प्रयोग बहुधा मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेट यांचा, 1983 सालचा. माणसं एका घड्याळासमोर बसायची. त्यावर एक ठिपका 2.56 सेकंदांत एक फेरी मारायचा. काम एवढंच: वाटेल तेव्हा मनगट हलवा, आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते सांगा. डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून दिसलं की हालचालीच्या साधारण 550 मिलिसेकंद आधी मेंदूत तयारीचा विद्युत संकेत सुरू होतो, आणि इच्छा जाणवते ती जेमतेम 200 मिलिसेकंद आधी. म्हणजे एक तृतीयांश सेकंदभर मेंदूची तयारी चालू असते आणि माणसाला पत्ता नसतो. व्याख्यानात हे ऐकलं की पायाखालची जमीन सरकते, हे मी समजू शकते. पण व्याख्यानांत पुढचं क्वचितच सांगतात. खुद्द लिबेट यांचं मत असं होतं की इच्छा जाणवल्यानंतर ती हालचाल रोखायला जागा उरते. पुढे 2012 मध्ये एरन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या संकेताचा वेगळाच अर्थ लावला. मेंदूत सतत बारीक चढउतार चालू असतात, ते साठत जाऊन एक उंबरठा ओलांडतात तेव्हा हालचाल होते. हालचालीच्या क्षणापासून मागे जाऊन सरासरी काढली की तो सगळा चढ आधीच घेतलेल्या निर्णयासारखा दिसतो. वाद अजून मिटलेला नाही, पण 'विज्ञानानं सिद्ध केलं' म्हणून तुम्ही हात वर करण्याइतका तो तुमच्या विरोधात गेलेलाही नाही.

मला याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. त्या माणसांनी मनगट आत्ता हलवलं काय आणि दोन सेकंदांनी हलवलं काय, कशानंच काही बिघडत नव्हतं. एका लहान मुलाला मारावं की मारू नये हा प्रश्न त्या जातीचा नाही. आणि तुमच्या बाबतीत अर्ध्या सेकंदाचा सवालच नव्हता. खुंटीपर्यंत जायचं, पट्टा काढायचा, परत यायचं, याला किती वेळ लागतो? भिंतीला पाठ लावून तुम्ही तो वेळ मोजलाय. कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा तुमच्याकडे त्याचा हिशेब जास्त पक्का आहे.

शिवाय पाहुणे. हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मी तिथून हलू शकले नाही. पाहुणे असले की हात उठायचा नाही. काही देशांच्या न्यायालयांत 'आवेग अनावर झाला' असा बचाव आला की विचारतात: शेजारी पोलीस उभा असता तर याच माणसानं हेच केलं असतं का? नसतं केलं, तर आवेग आवरण्यासारखा होता. फक्त आवरायला पुरेसं कारण त्याला वाटलं नव्हतं. तुमच्या बाबांना पाहुण्यांसमोरची लाज हे पुरेसं कारण वाटायचं, तुमची भीती वाटायची नाही. तुमचा राग याच जागी आहे असं मला वाटतं. आणि ही जागा बरोबर आहे. मेंदूविषयीचा कुठलाही सिद्धांत तिला हलवू शकत नाही, कारण थांबता येत होतं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

यावर तुम्ही म्हणाल, पण त्यांनाही लहानपणी मार मिळाला होता ना. हो. आणि त्याचं वजन मला कमी करायचं नाही. 2003 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेलं अमेरिकेतलं एक प्रकरण आहे. चाळीस वर्षांच्या एका माणसात लहान मुलांविषयीची लैंगिक विकृती एकाएकी उफाळली. तपासणीत मेंदूच्या पुढच्या भागात, डोळ्यांच्या खोबणीच्या वर, गाठ सापडली. गाठ काढली तसं वागणं थांबलं. काही काळानं गाठ वाढली, वागणं परत आलं. पुन्हा काढली, पुन्हा थांबलं. अशा माणसाला दोष देताना आपली जीभ अडखळते. का? त्याच्या वागण्याला कारण सापडलं म्हणून? कारण तर प्रत्येकाच्याच वागण्याला असतं. दानशूर माणसाच्या दानालाही असतं. जीभ अडखळते, कारण त्या गाठीनं त्याची स्वतःला थोपवण्याची ताकदच खाल्ली होती. चूक काय हे त्याला कळत होतं, पण ब्रेक निकामी होता. मार खाऊन वाढलेल्या माणसाचा ब्रेक झिजलेला असतो. किती झिजलाय ते माणसागणिक बदलतं, आणि तेवढ्या प्रमाणात दोषही कमी धरावा, हे मला मान्य आहे. तुमच्या बाबांचा ब्रेक झिजलेला असणार. पण पाहुण्यांसमोर तो लागायचा.

अजून एक गोष्ट मान्य करते, कारण लपवण्यात प्रामाणिकपणा नाही. कोणी स्वतःला मुळापासून घडवत नाही. आईवडील, काळ, स्वभाव, रक्तातल्या गोष्टी, यांतलं काहीच आपण निवडलेलं नसतं, आणि स्वतःला निवडायचं म्हटलं तर निवडणारा आधी कुठून आणायचा? यावरून काही विचारवंत थेट म्हणतात की कोणीच कशालाही पात्र नाही, ना शिक्षेला ना कौतुकाला. त्यातलं अर्धं मला पटतं. कोणाला दुःख व्हावं म्हणून दुःख द्यावं, याला कोणीच पात्र नाही असं मीही मानते. बाबा म्हातारपणी कुढत बसावेत, पश्चात्तापात जळावेत, अशी इच्छा धरण्यात मला काही चांगलं दिसत नाही. पण जबाबदारी म्हणजे जळणं नव्हे. शब्दच बघा, जबाब देणं. 'हे तू का केलंस?' असं विचारल्यावर समोर उभं राहून उत्तर देणं. त्यासाठी स्वतःला शून्यातून घडवलेलं असायची गरज नाही. प्रश्न कळायला हवा आणि तो आपल्याला विचारलाय हे मान्य करायला हवं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं (म्हणजे साधनं), नाना चेष्टा आणि पाचवं दैव. टीकाकारांनी त्याचे अर्थ वेगवेगळे लावलेत, त्यात मी पडत नाही. मला ती मोजणी आवडते. कर्ता पाचांतला एक. तो एकटा नाही, पण यादीतून वगळलेलाही नाही. बाबांच्या वाक्यात उरलेली चार होती, कर्ता तेवढा गळला होता.

आता रागाविषयी. पी. एफ. स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञानं 1962 मध्ये एक व्याख्यान दिलं, आणि जबाबदारीवरचा पुढचा बराचसा विचार त्याभोवती फिरतो. त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते. माणसाकडे बघायच्या दोन तऱ्हा असतात. एकीत आपण त्याच्याशी नात्यात असतो: रुसतो, रागावतो, उपकार मानतो, माफ करतो. दुसरीत आपण त्याच्याकडे लांबून बघतो, जसं आजाराकडे किंवा हवामानाकडे बघावं: याला कसं सांभाळायचं, यापासून कसं वाचायचं. पावसावर कोणी रुसत नाही. बाबा जेव्हा म्हणाले की माझ्या हातात नव्हतं, तेव्हा ते तुम्हाला सांगत होते की माझ्याकडे पावसासारखं बघ. तुम्ही तसा प्रयत्न केलात, जमलं नाही, आणि त्याचा तुम्हाला अपराधी भाव वाटतोय. मला उलट वाटतं. तुमचा राग हा तुम्ही त्यांना अजून बाप मानत असल्याचा पुरावा आहे. ज्या दिवशी राग पूर्ण जाईल आणि त्याजागी नुसती कीव येईल, त्या दिवशी एक माणूस तुमच्या यादीतून गेलेला असेल.

हेही खरं की लांबून बघणं ही विसाव्याची जागा आहे, आणि स्ट्रॉसननंही ते नाकारलेलं नाही. बाबांचं औषधपाणी बघताना, ते एकच गोष्ट चौथ्यांदा विचारतात तेव्हा, त्यांच्याकडे फक्त एक थकलेला म्हातारा म्हणून बघा. खुशाल बघा. त्यात लबाडी नाही. कायमचा मुक्काम मात्र तिथे करू नका.

आणि माफीची घाई नको. तुम्ही पत्रात माफी हा शब्द लिहिलेला नाही, पण तो ओळींच्या मागे उभा आहे असं मला जाणवलं. 'त्यांच्या हातात नव्हतं' असं मानलंत तर माफ करायला काही उरतच नाही, कारण माफी त्यालाच करता येते ज्यानं केलं. म्हणजे हा सिद्धांत तुमच्याकडून रागाबरोबर माफीही काढून घेतो. पुढेमागे तुम्हाला माफ करावंसं वाटलं तर त्यासाठीही 'बाबा, तुम्ही उचलायचात' या वाक्यातूनच जावं लागेल. त्यांना ते ऐकवायचं असेल तर एकदाच, शांतपणे, दुसरं कोणी नसताना ऐकवा. वकिली नको, जुने दाखले नकोत. 'बाबा, पाहुणे असताना तुम्ही थांबायचात. म्हणजे थांबता येत होतं. एवढं मला म्हणायचंय.' ते कबूल करतील की नाही हे मला सांगता येणार नाही, आणि त्यांच्या कबुलीवर तुमचं काही अडवून ठेवू नका. त्यांना जबाब द्यायची संधी मिळावी, ती घेणं त्यांच्याकडे.

आता तुमच्याकडे वळते, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे.

बाबांच्या भूतकाळाबद्दल 'असं का झालं असेल' हा विचार करणं शहाणपणाचं आहे. स्वतःच्या उद्याबद्दल मात्र तो उपयोगाचा नाही. उद्या संध्याकाळी मी मुलीवर हात उचलेन का, याचा अंदाज बांधत बसायचं नसतं, ते ठरवायचं असतं. जगातले सगळे सिद्धांत खरे निघाले तरी ठरवणाऱ्याच्या खुर्चीतून तुम्हाला उठता येत नाही. 'बघू काय होतं' म्हणून बसून राहणं हेही तुम्हीच ठरवलेलं असतं.

मार खाल्लेला माणूस मारतोच, अशी एक भीती तुमच्या पत्रात आहे. जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी 1987 मध्ये तोवरचे अभ्यास तपासून अंदाज मांडला की ज्यांचा लहानपणी छळ झाला त्यांच्यापैकी साधारण 30 टक्के पुढे आपल्या मुलांचा छळ करतात. आकड्यावर नंतर वाद झाले, आणि धोका वाढतो हे कोणी नाकारत नाही. पण त्या हिशेबानं बहुसंख्य माणसं ती साखळी पुढे नेत नाहीत. तुम्ही कोणत्या बाजूला जाणार हे अजून कुठे लिहिलेलं नाही.

आणि जबाबदारी थोबाडीत मारायच्या क्षणापुरती नसते, तिची सुरुवात बरीच आधी होते. ॲरिस्टॉटलनं दारुड्याचं उदाहरण देताना हेच सांगितलं होतं: नशेत त्याला भान नसेल, पण नशा न करणं त्याच्या हातात होतं. राग येतो. 'मला राग आला' असंच आपण म्हणतो आणि ते खरं आहे, तो येतोच, बोलावून येत नाही. पण कुठल्या वाटेनं येतो ते तुम्हाला एव्हाना माहीत असणार. दमून घरी आल्यावर लगेच अभ्यास घेता का? भूक लागलेली असते का? ऑफिसचे मेसेज वाचता वाचता गणितं तपासता का? मग काही महिने अभ्यास बायकोनं घ्यावा, किंवा जेवणानंतर घ्यावा, किंवा घेऊच नये. एखादं गणित चुकलेलं राहिलं तर राहू दे. आवाज चढायला लागला की मोठ्यानं म्हणा, 'मी बाहेर जातोय, पाच मिनिटांत येतो', आणि जा. बायकोला सांगून ठेवा की अशा वेळी तिनं मध्ये पडावं, तुम्ही नंतर तिच्यावर चिडणार नाही. हात पुन्हा उचलला गेला, किंवा उचलायच्या बेतात आला, तर समुपदेशकाकडे जायला वेळ लावू नका.

बघा, वर मीच 'उचलला गेला' लिहिलं. इतकं सहज होतं हे. मी नऊ वर्षांची असताना भांडणात दार जोरात आपटलं आणि धाकट्या बहिणीचं बोट चौकटीत सापडलं. नख गेलं, नवं आलं ते थोडं चपटं, एका कडेला वर उचललेलं. घरात ही गोष्ट निघाली की मी म्हणायचे, दार लागलं. वारा होता, असंही कधीतरी जोडलं. पन्नाशीत एकदा ती माझ्यासमोर बसून नखं रंगवत होती. त्या बोटापाशी तिचा ब्रश थांबला, आणि मी म्हटलं, "मी आपटलं होतं दार. तू मागे आहेस हे मला दिसत होतं." ती म्हणाली, "माहितीये." नख रंगवून झाल्यावर म्हणाली, "मला वाटायचं तू विसरलीस."

तुमच्या मुलीला चाळीस वर्षं थांबायला लावू नका. तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे. आज ती झोपायच्या आधी तिच्याजवळ बसा आणि सांगा: "नाही, माझा हात आपोआप उठत नाही. मी तुला मारलं. ते चुकीचं होतं. मला खूप राग आला तर यापुढे मी खोलीबाहेर जाईन." त्याला 'पण तूही अभ्यास केला असतास तर' हे शेपूट जोडू नका. लगेच मिठी मारून तिच्याकडून 'ठीक आहे' असं वदवूनही घेऊ नका. ती काहीच बोलणार नाही, असंही होईल. किंवा विचारेल, आजोबा तुला मारायचे का? विचारलं तर खरं सांगा, तिला पेलेल इतपत, आणि तिथेही क्रियापद तेच वापरा.